खोट्या झाडाची पानगळ

कपाटावरचा खोका काढताना
दरवर्षी बाबांचं अक्षर आधी खाली येतं :
'नाताळ. उलटा धरू नये.'
आणि दरवर्षी मी तो उलटाच धरते.

त्र्याण्णव सालचं झाड. सीताबर्डीवरून,
मोतीबाग वर्कशॉपच्या बोनसमधून आणलेलं.
तारेला पीळ देऊन बसवलेली हिरवी पट्टी,
तीन पाय, त्यातला एक
दाविदच्या बाप्तिस्म्याच्या गर्दीत मोडला.
तिथे आता अर्धी वीट.

भाची प्रिसिला पर्यावरण शिकते.
"मावशी, असलं झाड दहा वर्षं वापरलं तर वसूल होतं,
कोणी वीस म्हणतं."
मी बोटं मोजते. तीस कधीच उलटून गेली.
म्हणजे सुटलो आपण?
"सुटलो नाही. फिटलं."
यातला फरक मला कळतो,
मी जन्मभर पतपेढीत कर्जाच्या टेबलावर होते.
पण खरं सांगायचं तर
पृथ्वीसाठी म्हणून कोणी ते सांभाळलं नाही.
दुसरं घ्यायला जिवावर यायचं, इतकंच.

त्याआधी सुरूची फांदी यायची.
सिव्हिल लाइन्सच्या कुठल्याशा बंगल्यातून
देवाजी उईके माळी सायकलच्या दांड्याला बांधून आणायचे,
सदरचा अर्धा रस्ता झाडत.
तेलाच्या पिंपात कन्हानची रेती,
तिच्यात ती उभी, जरा कलती,
उपासनेला उशिरा आलेल्या माणसासारखी.
"शेंडा नाही तोडला जी," ते दरवेळी सांगायचे,
"बाजूची काढली. झाडाले समजत बी नाही."
समजत असेल.
आई त्यांना करंज्या बांधून द्यायची, आणि विषय संपायचा.

नव्या वर्षाच्या आठवड्यात फांदी तपकिरी पडली
की बंबात.
तडतड, दोन बादल्या कढत पाणी,
मग राख, मग त्या राखेनं भांडी.
पातेली लख्ख झाली की नाताळ खरा सरायचा.

पुढे बंगला पडला. सुरूही पडले, शेंड्यासकट.
तिथे आता पार्किंग आहे.

परवाच्या वर्षी प्रिसिलानंच
सेमिनरी हिल्सच्या नर्सरीतून कुंडी आणली.
जिवंत झाड, मजल्यामजल्यानं चढणारं.
"हे बघ उत्तर," म्हणाली.
डिसेंबरभर ते मिरवलं.
मग मे आला. शेहेचाळीस.
आम्ही त्याला कूलरसमोर बसवलं, पाहुण्यासारखं,
ओलं फडकं गुंडाळलं.
कूलरला पाणी किती, वीज किती,
कोराडीत त्यासाठी कोळसा किती,
हे ती वहीत मांडायला बसली
आणि बेरजेच्या आधीच वही मिटली.
जूनला पाच दिवस राहिले असताना ते गेलं.
कुंडीत आता कढीपत्ता आहे. तो बरा आहे.

खालच्या दुकानात दरवर्षी नवं झाड लागतं,
यंदाचं पांढरं, फांद्यांवर कापसाचा बर्फ.
जानेवारीत ते कचऱ्याच्या गाडीवर आडवं पडून जातं.
भांडेवाडीला आग लागली की
धूर आमच्याकडे येत नाही.
दुसऱ्यांकडे जातो.

प्रिसिला वीट सरकवून झाड सरळ करते.
"यंदाही हेच ना?"
हेच. नवीन काही आणायचं नाही.
ती पुठ्ठ्याचा तारा बांधते, मी खाली वाकते,
कारण हे झाडही गळतं.
दरवर्षी चार-दोन हिरव्या काड्या
फरशीवर,
नखाएवढ्या,
न सुकणाऱ्या.

बंबात घालता येत नाहीत. मातीत पुरवत नाहीत.
केरात टाकायला हात उचलत नाही.
म्हणून त्या मी लोणच्याच्या जुन्या बरणीत भरते.
बरणी आता गळ्यापर्यंत आली आहे.
काल प्रिसिलानं ती उजेडात धरली,
हलवून बघितली,
आणि काही न बोलता
झाकण घट्ट लावून
परत फळीवर ठेवली.