आवाज कसा येते

बाबांच्या कानांची जिनात रुई झाली.
पुलगावच्या जिनिंगमध्ये बत्तीस वर्षं फिटर,
चोवीस रेचे एका वेळी चालायचे.
आता फटाका फुटला तर त्यांना धूर दिसतो.

म्हणून बोनेट उघडलं की मी लागते.
गाडी डॉक्टर देवतळ्यांची, सत्त्याण्णवची मारुती.
आमच्याकडे आली तेव्हाच डाव्या दाराला
आतून कडी होती, न्हाणीला असते तशी.
मी चावी फिरवते,
बाबा पट्ट्याकडे बघत विचारतात,
"आवाज कसा येते?"

पहिल्या वर्षी म्हणायचे, खराब येतो.
"खराब म्हंजे? खराब तं मीबी हावो."

मग शिकले.
टिकटिक वरून आली तर टॅपेट,
इंजिन निवल्यावर पातं सरकवून बघायचं.
चिरचिर म्हणजे पट्टा. ओंजळभर पाणी मारायचं,
क्षणभर गप्प झाला तर तोच.
घुर्र की गुर्र, हे मात्र लिहून द्यावं लागतं,
ओठांवर दोन्ही सारखेच दिसतात.
अशी एक वही भरली आहे,
किराणाच्या हिशेबाची, मागच्या बाजूने.

नवतप्यात ती आर्वीच्या रस्त्यावर बंद पडते.
तिथे विचारणं नाही, ऐकणं नाही.
पेट्रोलच्या पंपावर ओलं फडकं गुंडाळायचं
आणि बाभळीखाली बसायचं, वीस मिनिटं.
"तिलेबी ऊन लागते, मान्सावानी."
बाटलीतलं पाणी आधी तिला. उरलं तर आम्हाला.

परवा एक आवाज आला, त्याला नाव नव्हतं.
वहीत तीन शब्द लिहिले, तिन्ही खोडले.
दळण संपल्यावर जातं रिकामं फिरतं ना बाबा, तसा,
पण मधेच एक खडा.
त्यांनी मान हलवली. "काढून दाखव."
काय काढून?
"तोंडानं काढ न वो."

अंगणात मी, चौतीस वर्षांची,
पोस्टाची ब्रँच मास्तरीण,
कुंपणापलीकडे ढोकणेकाकू धुणं पिळायचं थांबवून उभ्या,
आणि मी मारुतीचा आवाज काढते आहे.
बाबांनी ग्रीसची दोन बोटं
माझ्या गळ्यावर ठेवली,
हलकी, लहानपणी गालफुगी बघायचे तशी.
"आनखी. जरा खालून. आता रेस दे."
मी रेस दिली.
त्यांनी डोळे मिटले.
रात्रपाळीला म्हणे असेच उभे राहायचे,
एकेका रेच्यावर तळहात ठेवून,
कोणता आजारी पडणार ते आधीच सांगायचे.

"पान्याचा पंप," ते म्हणाले.
"बेअरिंग गेलं. आज नाही थांबनार,
पन गेलं."

दुपारी नलूआजी पेन्शनीच्या अंगठ्याला आल्या.
"गळ्याले काय लागलं वो बाई?"
मी पदराने पुसलं, तर आणखी पसरलं.
शाईची गादी पुढे केली,
त्यांचा अंगठा कागदावर धरताना
माझाही काळाच निघाला.

पंप अमरावतीहून एस्टीने आला,
कंडक्टरच्या पेटीशेजारी, वर्तमानपत्रात.
बाबा दोन दिवस गाडीखाली,
बाहेर फक्त चपला आणि हात:
बारा नंबर. दहा. नाही, ते नाही, रिंगपाना.
सगळं बसलं आणि एक बोल्ट उरला.
कुठला, ते अजून कळलं नाही.
हळदीकुंकवाच्या जुन्या डबीत ठेवला आहे.

गाडी चालते.
रोज सकाळी बाबा विचारतात,
मी कान देते, नीट देते, आणि सांगते,
काहीच नाही.

ते माझ्या ओठांकडे बघत राहतात.
"काहीच नाही म्हंजे
कसा?"