शेरा

अक्कलकोट रोडला, बंद पडलेल्या टॉवेल कारखान्यामागं
वृद्धांचं शुश्रूषागृह. मंजूर खाटा सोळा, माणसं अठरा.
जादा दोघांना माझी गाडी दिसताच बाहेरच्या बाकावर बसवलेलं,
भेटायला आलेल्या पाहुण्यांसारखं,
अंगात इस्त्रीचा शर्ट, पायात मात्र वॉर्डातलीच निळी स्लीपर.
पंधरा वर्षं तपासणीला जाते. आधी पाय बघते.

रजिस्टर चोख. दर दोन तासांनी कूस बदलली,
तीच शाई, तेच वळण,
तीस तारखेपर्यंत सह्या झालेल्या. आज सव्वीस.
मी काही बोलले नाही.
उटगे व्यवस्थापकांनी चहा मागवला, शेंगापोळी मागवली.
नको म्हटलं.
"पाणी चार दिवसांआड येतं, मॅडम," ते म्हणाले,
जशी मी सोलापूरची नाहीच.

माझे वडील चादरींच्या कारखान्यात चेकर होते.
चादर कधी सुलटी बघायचे नाहीत.
उलटी पसरून, डोळे मिटून तळहात फिरवायचे,
तुटका धागा बोटाला लागला की खडूची फुली.
मालक म्हणायचा, गिऱ्हाईक कुठं उलटं बघतंय?
वडील म्हणायचे, अंगाला तीच बाजू लागते.

म्हणून गुरुबसव्वांना कुशीवर वळवायला सांगितलं.
माकडहाडावर रुपयाएवढी जखम, कडा काळ्या.
टाचेला दुसरी, नुकती धरू लागलेली.
कधीपासून, विचारलं.
त्या कानडीत काहीतरी बोलल्या आणि ओशाळं हसल्या,
चूक त्यांचीच पकडली गेल्यासारख्या.

मागचं दार, आग लागली तर पळायचं: कुलूप.
किल्ली वॉचमनकडे. वॉचमन जेवायला.
मी दाराशी उभी राहिले. पत्रा तापलेला.
बत्तीस मिनिटं.

मग पुढचा प्रश्न: प्रत्येक खाटेशी, हाताला येईल अशी घंटा. आहे / नाही.
भिंतीत सोळा बटणं. एकही वाजेना.
पेन टेकवलं तोच पाच नंबरवरून नरसय्या येमूल,
"काय लिहिलालाव बाई? हाय की घंटी."

खाटेच्या गजाला लाल दोरा.
शेजारच्या गजाला हिरवा, पुढं पिवळा,
खिळ्याखिळ्यावरून, खिडकीच्या गजांतून
थेट स्वयंपाकघरात, चमचे भरलेल्या डब्यापर्यंत.
रात्री तेच टोक शेवंता राठोडच्या मनगटाला.
गाठी विणकराच्या, फणीतून निसटून जातील इतक्या बारीक,
ओढाल तशा घट्ट होणाऱ्या.
"ज्याचा हात उचलत नाही, त्याचा शेजाऱ्यानं ओढायचा.
गुरुबसव्वाचा माझ्याकडं हाय.
रात्री ती एकटी, आम्ही अठरा.
ओढायला पण लाज वाटतीय कधी कधी."

मी ओढला. मनात आकडे मोजले.
चौतीसला शेवंता आली, कोपरापर्यंत ज्वारीचं पीठ,
माझ्याकडे न बघता सरळ गुरुबसव्वांकडे गेली,
कपाळावर मनगटानं हात ठेवला, पीठ लागू नये म्हणून.

घंटेसमोर मी "नाही" लिहिलं. खरं तेच आहे.
जखमा लिहिल्या, मापासकट. शाई लिहिली. कुलूप, बत्तीस मिनिटं,
बाकावरचे दोघे. नवीन माणूस घेऊ नये.
रात्रीला आणखी दोघी, पंधरा दिवसांत.

राहिला दोरा.
नियमानं तो धोका आहे: अंधारात पाय अडकेल,
कुणी पडेल, खुब्याचं हाड जाईल. अशी हाडं मी पाहिलीत.
धोका लिहिला तर उटगे उद्या सकाळीच कात्री चालवतील,
आणि बटणं वाजायला दिवाळी उजाडेल.
नाही लिहिला आणि कुणी पडलं, तर?

शेऱ्याचा रकाना दीड इंचाचा.
येमूल मान उंचावून बघत होते,
तागा चेकरच्या पुढ्यात टाकून उभं राहावं तसे.
लिहिलं: दोरे गुडघ्याच्या वर, भिंतीलगत घ्यावेत.
सोळाही घंटा माझ्यासमोर वाजेपर्यंत
एकही कापू नये.

सही केली.
खाली तारीख टाकली. आजचीच.