गालजीबागेला चाक रुतलं

सकाळी तेरेखोलच्या फेरीतून उतरताना
मागचा बंपर खाडीला दिला.
बेतुलपासून पाण्याची टाकी
रस्ताभर सडा घालत आली.
आगोंदच्या अलीकडे फणसाच्या फांदीनं
छपराची खिडकी उचकटली,
सुमेधनं तिथे कणकेची परात
चिकटपट्टीनं बसवली.

नकाशावर मी गोल केलेल्या जागा अकरा.
थांबलो ते गॅरेजांपाशी.

आता सुरूंच्या खाली
मागचं चाक अर्धं वाळूत.
इनासनं ट्रॅक्टर लांबच बंद केला.
"फाल्यां. आतां उजवाड नाका,
कांसवां वयर येतात."
आणि गेला, बिडी विझवून.

दिवे मालवून बसलो.
दमट पाव, कालची चवळी.
बोलायचं तर भांडणच होतं शिल्लक,
तेही कुजबुजत करावं लागलं.
तेवढ्यात परात सुटली,
सुमेधच्या मांडीत पडली, धाडकन,
आणि त्या चौकोनी भोकातून
इतक्या चांदण्या, की आम्ही दोघं
तोंडावर उशी दाबून हसलो.

पहाटे वाटलं, इनास येऊन गेला:
वाळूवर ट्रॅक्टरची रुंद चाकोरी,
आमच्या चाकाला वळसा घालून वर चढलेली,
तशीच खाली
पाण्यात उतरलेली.

तिला ढकलायला कुणी लागलं नव्हतं.