शून्य लपवू नका

तवसाळच्या धक्क्यावरून फेरीबोट सुटली
की यासीनभाई होडेकर तिकिटं फाडून संपवायचे,
चामड्याची पिशवी पोटावर सरकवायचे
आणि कुणाही एकाला पकडायचे.

"मनात एक रक्कम धरा. तीन आकडी.
मला सांगू नका, बायकोला सांगू नका.
आता तिच्यातल्या आकड्यांची बेरीज करा,
मूळ रकमेतून वजा टाका.
उरलं त्यातला एक आकडा मुठीत धरा,
बाकीचे मोठ्याने बोला.
फक्त शून्य लपवू नका.
शून्यात लपवण्यासारखं असतं काय?"

टेम्पोवाला म्हणायचा, "आठ. सात."
यासीनभाई डोळे मिटून खाडीच्या तोंडाकडे वळायचे
(ते नाटक होतं, मला पुढे कळलं)
आणि म्हणायचे, "तीन."
टेम्पोवाला मूठ उघडून बघायचा,
जसा काही तीन तिथून आत्ताच उडाला.

मी त्याच बोटीने जयगडच्या शाळेत जायचे.
सातवीत होते. गणितात काठावर.
"जयगडला सांगतो," म्हणायचे,
आणि जयगड दर वेळी लवकर यायचं.

शेवटी सांगितलं ते एका दुपारी,
ओहोटीत बोट धक्क्याला लागेना तेव्हा.
पिशवी मांडीवर ओतली.
"हे बघ, आठशे त्रेपन्न.
शंभराच्या आठ, दहाच्या पाच, सुटे तीन.
आज मी उदार आहे.
दर नोटेमागे एक रुपया परत,
दर नाण्यामागेही एक.
आठ, पाच, तीन. सोळा गेले.
शंभराच्या एका नोटेतले राहिले किती?"
नव्याण्णव.
"दहाच्या?"
नऊ.
"सुट्या रुपयातलं?"
काहीच नाही.
"मग पिशवीत आता आहे काय?"

कठड्याचं लोखंड तापलेलं होतं, तरी मी त्याला टेकले.
पिशवीत नऊ होते.
नुसते नऊ, आठशे सदतीस रुपयांचे.
कुणीही, कुठलीही रक्कम धरो,
वजाबाकी झाली की सगळ्यांच्या खिशात
नवाच्याच कुळातलं काहीतरी उरतं,
आणि त्या कुळाच्या आकड्यांची बेरीज
फिरून नवाच्याच दारात येते.
आठ नि सात पंधरा. अठराला कमी तीन.
मन कुणाचं वाचायचं?
एक झाकला की बाकीचेच चहाडी करतात.

"मग शून्य का नाही?"
तेवढ्यात फळा धाडकन खाली पडला,
मोटारसायकली गुरगुरल्या.
"उद्या," ते म्हणाले.

तो उद्या त्यांच्याकडून आलाच नाही.
नारळी पुनवेनंतरच्या एका फेरीला
मागच्या बाकावर एक बाई होती,
मांडीवर एक्स-रेचं मोठं पाकीट.
तिला का पकडलं त्यांनी, ठाऊक नाही.
बाई बराच वेळ ओठांतल्या ओठांत हिशेब करत राहिली.
"चार," ती म्हणाली. मग, "पाच."

यासीनभाईंनी डोळे मिटले. लवकर उघडले नाहीत.
मीही मोजत होते.
चार नि पाच नऊ. नवाला कमी काही नाही.
म्हणजे मुठीत काही नाही,
नाहीतर मुठीत अख्खे नऊ.
चारशे पाच, की चारशे पंच्याण्णव?
पिशवीला विचारून कळण्यातलं नव्हतं.

"नऊ," ते म्हणाले. नियमाला धरून.
बाईने मान हलवली.
"शून्य लपवू नका म्हटलं होतं ना, ताई."
"ऐकलं होतं," ती म्हणाली.
"पण लपवावंसं तेवढंच होतं."

जयगडला ती सगळ्यांच्या मागून उतरली,
उन्हाला आडवं पाकीट धरून.
यासीनभाईंनी नोटा दोनदा मोजल्या,
दोनदा वेगळ्या आल्या.

परतीला त्यांनी आंब्याच्या कलमांवाल्या पोराला पकडलं.
तेच डोळे, तीच पिशवी, तीच बेरीज.
शून्याचं वाक्य तेवढं गाळलं.
तेव्हापासून ते अधूनमधून हरायचे,
आणि हरले की तिकिटाचं पुस्तक उघडून
फाडलेले तुकडे उगाच मोजत बसायचे.