साउंड कार्ड, परतीच्या बोलीवर

माउस हलवला की उजव्या कानात
कुणीतरी चिवडा खातंय, असा आवाज येतो.
मदरबोर्डवरच्या साउंडचं असंच असतं म्हणे,
सगळ्या तारा एकाच चाळीत राहतात,
शेजारच्याचं ऐकू येणारच.
खडेबाजारातला महावीर उपाध्ये हे सांगता सांगता
काचेखालून एक चंदेरी पिशवी काढतो:
"चार हजार दोनशे. शुक्रवारपर्यंत लावून बघ की.
नाही पटलं तर आणून दे.
पिशवी तेवढी फाडू नको."

चार हजार दोनशे म्हणजे
उद्यमबागेत लेथवर माझे नऊ दिवस.
किंवा आईनं वर्षभर लांबवलेला मिक्सर,
आणि वर पावशेर कुंदा.

वडगावात आमच्या गल्लीत
शांतता पाहुणी म्हणूनसुद्धा येत नाही.
सकाळी सातपासून माग, खटाक-खट, खटाक-खट,
आणि माझी खोली त्याच्या पाठीला पाठ लावून.
खेळायचं ते साडेदहानंतर,
आप्पांनी स्विच पाडल्यावर.
तेव्हा गोकाकहून शिवलिंग ऑनलाइन येतो.
त्याला मराठी येतं शिव्यांपुरतं,
मला कन्नड येतं जीव वाचवण्यापुरतं, तेही उशिरा.
"हिंद अदान नोड!"
मागं आहे बघ, हे डोक्यात शिरेपर्यंत
मी मेलेला असतो.
त्याला पावलं ऐकू येतात. मला चिवडा.

मंगळवारी रात्री कार्ड बसवलं.
स्क्रू हरवला होता, मागाच्या डब्यातला चालला.
आणि मग
दोन खोल्या पलीकडे कुणी पत्र्यावर पाय दिला.
डावीकडे खडी. उजवीकडे लाकडी जिना.
वर कुणी बंदूक भरतंय, थांबून थांबून,
भित्रा असावा.
सलग तीन डाव मी मेलो नाही.
"एन तिंदी ले?" शिवलिंग ओरडला. काय खाल्लंस?
चार हजार दोनशे, मी म्हणालो.

पाणी प्यायला उठलेले आप्पा दारात थांबले.
"एवढं काय ऐकतोस?"
चाळीस वर्षं माग चालवलेला माणूस.
ताण्यातला एक धागा तुटला
तर बघायच्या आधी त्याला कळतं.
मी हेडफोन त्यांच्या कानांवर ठेवला,
फेटा बांधून घेताना वाकवतात तशी त्यांनी मान वाकवली.
जिन्याखाली मी लपलेला होतो.
त्यांनी डोळे मिटले. डावा हात उचलला.
"इकडनं एकजण येतोय. जड आहे अंगानं."
"आणि उजवीकडनं?"
"उजवीकडं कोण नाही."

उजवीकडून चौघं येत होते.
हेडफोनच्या फटीतून मलासुद्धा ऐकू येत होते.

मी काही न बोलता हेडफोन उलटा केला,
उजवं डावीकडे.
"अरे, चौघं हायत की! आत्ता कुठनं आले?"
तेवढ्यात मी मेलो. पडदा करडा झाला.
आप्पा हसले. "कार्ड चांगलं आहे. घे."
आणि पाणी न पिताच गेले.

माग त्यांच्या उजव्या हाताला असतो.
माझी खाटही लहानपणी उजवीकडेच होती.
मी मारलेल्या किती हाका त्यांना
चिवड्याइतक्याही पोचल्या नसतील.
"हं," म्हणायचे ते. प्रत्येक वेळी "हं."
मला वाटायचं, नाही म्हणतायत.

आज शुक्रवार.
पिशवी फाडलेली नाही. कार्ड अजून आत,
मागाच्या स्क्रूवर तगून.
जेवताना मी ताट उचललं,
वळसा घालून त्यांच्या डावीकडे बसलो.
आईनं भाकरी थापता थापता बघितलं, बोलली नाही.
"आप्पा, उद्या कानाच्या डॉक्टरकडं जाऊ या."
"किती घेतो?"
"माहीत नाही. कार्डापेक्षा जास्तच."
त्यांनी आमटीत भाकरी कुस्करली. बराच वेळ कुस्करली.
"महावीरला सांग," म्हणाले,
"आणि दोन दिवस दे म्हणावं."