उणं-अधिक

राचाच्या डोंगरात सप्टेंबर लागला
की माझ्या वर्गातली थोरली मुलं गळतात.
फरच्या शेंड्याला हिरवी बोंडं उभी असतात,
ती पिकून झाडावरच विस्कटण्याआधी
दोर बांधून, किंवा न बांधता, उतरवायची.
बी डेन्मार्कला जातं.
तिथे त्याची नाताळची झाडं होतात म्हणे,
माणसाच्या उंचीची.

मला एक बोंड पुरतं.
त्यावरची वळणं खडूने रंगवते :
डावीकडे जाणारी आठ, उजवीकडे तेरा.
मुलं मोजतात. राळ बोटांना चिकटते,
वही राळेला.
तेराला आठाने भागा. मग एकविसाला तेराने.
उत्तर एकदा चढतं, एकदा उतरतं,
ज्या आकड्याकडे निघालंय
त्याच्यावर पाय मात्र कधीच ठेवत नाही.

"म्हणजे बाई, ते झोके घेतं," बेझान म्हणाला.
हाताची सालं निघालेली, कालच उतरलाय.
"शेंड्यावर तसंच. ताठ उभा राहिला तो गेला.
झाड डावीकडे कललं की आपण उजवीकडे,
मग डावीकडे, पण थोडं कमी."
अठ्ठावीस वर्षं शिकवतेय मी.
इतकं सोपं करून मला कुणी सांगितलं नव्हतं.

मग म्हटलं, कुठलेही दोन आकडे घ्या,
वाकडे, मनातले, कसेही.
बेरजा करत चला, मागल्याने पुढल्याला भागा.
पिक्रियाने घेतले नऊ आणि एकतीस.
नऊ तिचं वय.
एकतीस का, ते कुणी विचारलं नाही.
त्या झाडाची उंची पोलिसांनी टेप लावून
दोन वर्षांपूर्वी लिहून नेली होती.

चाळीस. एकाहत्तर. एकशे अकरा.
उत्तरं आधी नुसती भेलकांडली :
सव्वाच्या जरा पुढे,
लगेच पावणेदोनच्याही पलीकडे,
मग दीडच्या अंगावर.
मग वर, पण कमी. मग खाली, त्याहून कमी.
चारशे पंच्याहत्तरला दोनशे त्र्याण्णवने भागताना
तिची जीभ दातांत होती.
१.६२.
आठ-तेराच्या उत्तराला खेटून.

बघा, कुठूनही निघा, तिथेच जाता,
असं मी म्हणणार होते.
तोंड उघडलं, मिटलं.
मधेच हात सुटला त्याची बेरीज
या फळ्यावर येत नाही.

"पुढे करू, बाई?"
खडू बोटाला चिकटून बसलेला.
"सातशे अडुसष्ट," ती म्हणाली,
आणि टाचा उचलून
फळ्यावर वर कुठे जागा आहे ते बघू लागली.