जबाबदारी: सर्व

साडेतीनची मीटिंग म्हणजे चारची.
खैरनारला पपया नर्सरीचा सिग्नल लागतो, रोज लागतो,
आणि तो आला की आधी एसी वाढवा,
मग त्याच्या जुन्या कंपनीत, अंबडला,
हे असं कधीच झालं नव्हतं.

टेबलावर सतरा ब्रॅकेट. भोकं अर्धा मिलिमीटर सरकलेली.
विसपुते एकेक उचलतो, फिरवून बघतो, ठेवतो,
बुधवारच्या बाजारात वांगी बघावीत तसा.
"मी तेव्हाच बोललो होतो."
कधी, कुणाला, ते विचारायचं नसतं.
तो नेहमी तेव्हाच बोललेला असतो.

क्षेमकल्याणी मॅडमचा सगळ्याला होकार.
ड्रिल बदलू? हो.
राहू दे? हो, तेही बरोबरच.
त्यांच्या होकाराखाली दिवाळीपासूनची सहा कामं
कैरीसारखी मुरताहेत.

पगार (आडनाव आहे; सगळे विनोद करून झालेत)
बावीस जणांना मेल टाकतो,
शेजारच्या खुर्चीतल्या मलाही.

मग सिन्नरची ती ट्रेनी, हर्षला सांगळे,
चौथाच आठवडा तिचा, म्हणाली,
"जिगची पिन झिजलीय. मी मोजली."

चहाचे पाच कप टेबलावर येईपर्यंत
कुणी बोललं नाही.
"ड्रॉइंग वाचता येतं का तुला?"
"हे तर मी तेव्हाच..."
"हो, बरोबर."
"मेल टाक ना एक."

मी मिनिट्स लिहितो. अक्षर चांगलं आहे म्हणून मी.
पिन सैल आहे हे गुरुवारपासून माहीत होतं मला,
बोटाला कळलं होतं.
पण मी कुणाच्या अध्यात ना मध्यात,
अठरा वर्षं, नोकरीत हाच माझा लौकिक.
लिहिलं: पिन तपासणे. जबाबदारी: सर्व.

"सर, सर्व म्हणजे कोण?"
जिन्यात तिने विचारलं. खरंच विचारत होती.
मी म्हणालो, म्हणजे, आपण सगळेच.
"म्हणजे कोण?"

सीबीएसची सहाची गाडी तिने सोडली.
दुसऱ्या शिफ्टचे लोक डबे ठेवत होते तेव्हा
ती जिगपाशी उकिडवी, हातात पाना.
मी बॅग खांद्याला लावून उभा,
निघालोच होतो.

"टॉर्च धरता का जरा?"

धरला.

"सर, हात हलतोय."

हलत होता.